सापळा तासाभराचा, नमुना वर्षानुवर्षांचा

१९४२ साली कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडणार अशी धास्ती होती, तेव्हा झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा, मौल्यवान संग्रह वाराणसीला हलवला गेला. वरुणा नदीजवळच्या कैसर कॅसल नावाच्या वास्तूत त्याची सोय केली होती. पुढच्याच वर्षी वरुणेला मोठा पूर आला आणि बॉम्बपासून वाचवून आणलेल्या नमुन्यांचं पाण्याने बरंच नुकसान झालं.

कीटक गोळा करायला निघालेल्यांना वाराणसीत मी ही हकिगत आधी सांगतो आणि सापळ्यांचं मागून. सापळा कुणालाही जमतो. कापलेली बाटली, पिवळी वाटी, जुनी मच्छरदाणी एवढ्यावर काम भागतं. अडतं ते पुढे. पकडलेला किडा वाळवायचा, टाचायचा, त्याला चिठ्ठी लावायची आणि ओल, बुरशी, मुंग्या यांच्यापासून तो वर्षानुवर्षं सांभाळायचा. चिठ्ठी नसलेला किडा नमुना होत नाही, तो नुसता मेलेला किडा असतो. म्हणून एकच नियम पाळा: जेवढं त्याच दिवशी हातावेगळं करता येईल, तेवढंच पकडा.

महाराष्ट्रातून बनारस हिंदू विश्वविद्यालयात कृषी शिकायला येणाऱ्या मुलांना कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी संग्रह करावाच लागतो. सबमिशन आठवड्यावर आलं की वसतिगृहाच्या ट्यूबलाइटखालचे पतंग वेचायची धावपळ सुरू होते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पण राहुरी, अकोला किंवा दापोलीला बसून वाचणाऱ्यालाही थोड्या फेरफाराने तो चालेल.

आधी पेटी, मग सापळा. घट्ट झाकणाची पेटी, तळाला थर्मोकोल किंवा फोमचा थर, कोपऱ्यात डांबरगोळी आणि सिलिका जेलची पुडी. कीटकांच्या खास पिना ३८ मिलिमीटर लांबीच्या असतात. दोन आणि तीन नंबरच्या घेतल्या की बहुतेक कामं होतात. शिवणकामाच्या टाचण्या वापरू नका. ऑगस्टच्या दमट हवेत त्या गंजतात आणि गंज किड्याच्या अंगात उतरतो. सिलिका जेलचा रंग बदलला की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा वापरता येतं. नमुने बुडवून ठेवायला औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालतं. मारण्यासाठी सगळ्यात सुटसुटीत उपाय म्हणजे फ्रीझर: डबीत घालून पूर्ण एक दिवस ठेवा. सायनाइडच्या बरण्यांच्या जुन्या पुस्तकी कृतींकडे वळूही नका. आणि घरचा फ्रीझर असेल तर डबीवर ठळक नाव घाला. घरमालकिणीने मटाराच्या पिशवीशेजारी झुरळ पाहिलं की प्रयोगशाळा त्याच दिवशी बंद होते.

जमिनीवर चालणाऱ्या किड्यांसाठी खड्डा सापळा. एच. एस. बार्बर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये गुहेतल्या कीटकांसाठी त्याचा वापर लिहून ठेवला. जमिनीत पेला पुरायचा, चालता चालता किडा आत पडतो. कृती एवढीच आहे, पण खरी मेख पेल्याच्या काठात आहे. काठ मातीच्या पातळीशी अगदी एकजीव हवा. बोटाची कड फिरवून पाहा. कुठे नखाएवढा जरी उंचवटा लागला, तरी भुंगेरा तिथून वळसा घालून निघून जातो. दोन प्लॅस्टिकचे पेले एकात एक घाला. बाहेरच्याला तळाशी भोक पाडा आणि तो कायमचा पुरा. आतला उचलून रिकामा करता येतो, माती ढासळत नाही. वर कौलाचा तुकडा तीन खड्यांवर टेकवा, दोन सेंटिमीटर फट सोडून. पाऊस आत येत नाही, चिचुंदरी आणि बेडूकही सहसा पडत नाहीत. दोन पेल्यांमध्ये जाड प्लॅस्टिकची हातभर पट्टी उभी रोवली, तर किडे तिच्या कडेकडेने चालत पेल्यात येतात.

बनारसमध्ये चहा-लस्सीचे पुरवे, म्हणजे मातीचे पेले, रस्तोरस्ती मिळतात, म्हणून कुणाला ते पुरायचा मोह होईल. पण कच्ची भाजलेली माती पाणी पिऊन टाकते आणि तिच्या खडबडीत भिंतीवरून किडा सहज वर चढतो. पेला गुळगुळीतच हवा.

पेल्यात काय घालायचं हा प्रश्न इथे जास्त गंभीर आहे. काही पुस्तकांत गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकोल सुचवलेलं असतं. ते गोड असतं आणि विषारी असतं. ज्या शहरात गाई, सांड आणि कुत्री मोकळी फिरतात तिथे ते जमिनीवर उघडं ठेवायचंच नाही. भरपूर मीठ विरघळवलेलं पाणी आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हे एक-दोन दिवसांसाठी पुरतं. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि किडा तरंगत न राहता बुडतो. जास्त दिवस ठेवायचं असेल तर प्रोपिलीन ग्लायकोल घ्या. पण जास्त दिवस ठेवायची गरज विद्यार्थ्याला क्वचितच पडते.

शेणातले भुंगेरे हवे असतील तर लिंबाएवढा ताज्या शेणाचा गोळा जाळीच्या पुरचुंडीत बांधून पेल्यावर टांगा. या एका बाबतीत बनारसच्या गल्ल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाला हरवतील. संध्याकाळी लावला आणि सकाळी पाहिला तरी चालतो. आणखी एक: खड्डा नुकताच खणलेला असताना पहिले काही दिवस जास्त किडे पडतात, कारण माती उकरली गेलेली असते. दोन जागांची तुलना करायची असेल तर पेले आधी पुरून झाकून ठेवा आणि आठवड्याने उघडा. काम संपलं की पेला काढून खड्डा बुजवा. विसरलेला पेला महिनोन्महिने किडे मारत राहतो आणि ते कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

पिवळ्या वाटीचा सापळा सगळ्यात स्वस्त. चमकदार पिवळ्या रंगाची उथळ वाटी, तीन-चार सेंटिमीटर पाणी, साबणाचा तोच एक थेंब. सुगंधी साबण नको. मावा, फुलकिडे, बारीक माशा आणि डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या पिवळ्याकडे येतात. निळी आणि पांढरी वाटी शेजारी ठेवली तर मधमाश्यांच्या वेगवेगळ्या जाती मिळायची शक्यता वाढते. सकाळी ऊन आलं की ठेवा, दुपारनंतर उचला, चहाच्या गाळणीने गाळा, साध्या पाण्याने धुऊन स्पिरिटमध्ये टाका. वाराणसीत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, दिव्याचे सापळे रिकामे राहतात. तेव्हा आसपासच्या मोहरीच्या शेतांच्या बांधावर ही वाटी उपयोगी पडते. पंख फुटलेला मोहरीचा मावा तिच्यात आपण होऊन उतरतो. शहरात गच्चीवर मात्र वाट्या ठेवताना वानरसेनेचा विचार करा. दुर्गाकुंडाच्या परिसरात तर पिवळी वाटी आणि पिकलं केळं दोन्ही गेलं समजा. वाटी विटांच्या चौकटीत बसवली तर निदान उलटत नाही.

आता प्रकाश सापळा, सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यात जास्त नासधूस करणारा. पावसाळ्यातल्या दमट, वारा नसलेल्या, अंधाऱ्या रात्री एका दिव्यावर इतके किडे येतात की एकट्याने ते टाचायचे म्हटले तर महिना जाईल. म्हणून मी विद्यार्थ्यांना मारणारा प्रकाश सापळा बनवू देत नाही, जिवंत ठेवणाराच सांगतो.

रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या. तळाला बारीक भोकं पाडून आतून जाळी चिकटवा, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे-आडवे रचा. बादलीच्या तोंडावर मोठं नरसाळं बसवा. त्याचं खालचं तोंड तीन-चार सेंटिमीटर रुंद करून घ्या. नरसाळ्यावर दिवा आणि दिव्याभोवती पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन उभे पडदे. जुन्या फाइलचं कव्हर कापूनही ते होतात. उडता किडा पडद्यावर आपटतो, नरसाळ्यातून आत घसरतो आणि पुठ्ठ्याच्या खोबणीत जाऊन बसतो. पहाटे ट्रे एकेक उचलायचा, हवे ते वेगळ्या डबीत घ्यायचे, बाकीचे झुडपात झटकून द्यायचे. ऊन चढायच्या आत हे आटपा. बादली तापली की आतले किडे मरतात, आणि उशीर झाला तर कोतवाल आणि मैना तुमच्याआधी हजर असतात.

दिवा कोणता? पिवळसर बल्ब कामाचा नाही. अतिनील किंवा निळसर प्रकाश हवा. पॉवर बँकेवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी बाजारात मिळते, वीज गेली तरी अडत नाही. तिच्याकडे टक लावून पाहू नका, चष्मा घाला. विजेवरचा दिवा लावणार असाल तर एक्स्टेन्शनचा बोर्ड ओल्या गच्चीवर ठेवू नका, उंचावर बांधा. किडे दिव्याकडे का येतात यावर २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक सुंदर शोधनिबंध आला. उडणारा किडा आपली पाठ सतत उजेडाकडे ठेवतो. आकाश वर असतं तोवर हे बरोबर चालतं, पण दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे वळवता वळवता तो घिरट्यांत सापडतो, कधी उलटा होऊन पडतो. यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की पांढरा पडदा टांगून बसणार असाल तर एक चादर पडद्याखाली जमिनीवरही अंथरा. बरेच किडे तिथेच पडलेले मिळतील.

तारीख पंचांग बघून ठरवा. अमावास्येच्या आसपासच्या रात्री चांगल्या, पौर्णिमेच्या वाईट. कार्तिकात इथे घाटांवर बांबूंना आकाशदीप टांगतात, आणि पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी हजारा दीपस्तंभ आहे. याच सुमाराला भातशेतीतले हिरवे तुडतुडे शहरातल्या दिव्यांवर येतात. नवख्याला वाटतं, देवदिवाळीच्या रात्री एवढे दिवे म्हणजे किड्यांची पर्वणी. पण देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेची, म्हणजे सापळ्यासाठी महिन्यातली सगळ्यात पडेल रात्र. त्या रात्री दिवे बघा. बादली आठवड्याने, चंद्र उशिरा उगवू लागला की लावा.

फळमाशीचा सापळा मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. त्याची सुरुवात इथून फार लांब नसलेल्या बिहारमधल्या पुसा इथली. तिथल्या शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये लिहिलं की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर झेपावतात. पुढे १९१५ मध्ये त्यांनी त्यामागचं रसायन दाखवून दिलं: मिथाइल युजेनॉल. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंबा बागायतदारांना ठाऊक आहे, तो याच तत्त्वावर चालतो.

घरी बनवायला एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरच्या तिसऱ्या भागात बोटाच्या पेराएवढी तीन-चार भोकं पाडा, झाकणातून तारेने कापसाचा बोळा टांगा, त्यावर मिथाइल युजेनॉलचे चार थेंब. तळाला साबणाचं पाणी. तयार ल्युअर विकत घेतला तर त्यात बहुधा कीटकनाशक मिसळलेलं असतं, हातमोजे घाला. रसायन मिळालं नाही तर मूठभर तुळशीची पानं चुरडून पुरचुंडीत टांगा. तुळशीतही मिथाइल युजेनॉल असतं, त्यामुळे थोड्याफार माश्या येतात. वाराणसीत लंगडा आंब्याचा हंगाम सुरू झाला की बाग जवळ असो वा नसो, बाटली रिकामी राहत नाही. बनारसी लंगड्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माशीला त्याची चव त्याच्याही आधीपासून माहीत आहे.

मात्र बाटलीतल्या माश्या नीट पाहा. सगळे नर. सापळ्यात पडलं ते त्या बागेचं खरं चित्र नसतं, सापळ्याच्या आवडीनिवडीचं चित्र असतं. मादी हवी असेल तर झाडाखाली पडलेला, डंख झालेला आंबा उचला. रुंद तोंडाच्या बरणीत ओलसर वाळूचा थर द्या, वर आंबा ठेवा, तोंडाला सुती कापड बांधा. अळ्या फळातून बाहेर पडून वाळूत कोष करतात आणि उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर येतात, नर-मादी दोन्ही. बाहेर आल्या आल्या मारू नका. पहिल्या दिवशी अंग मऊ आणि रंग फिका असतो. साखरेच्या पाण्याचा बोळा देऊन दोन-तीन दिवस ठेवल्या की ठिपके आणि पट्टे ओळखण्याजोगे होतात.

पालापाचोळ्यातल्या बारीक जिवांसाठी नरसाळ्याचा सापळा. इटलीच्या आंतोनियो बर्लेसे यांनी तो १९०५ मध्ये मांडला, नंतर स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यावर दिवा लावला. दोन लिटरची बाटली कापा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा, मध्ये जाळीचा तुकडा, जाळीवर ओला पाचोळा, तळाला स्पिरिट. वर वीतभर अंतरावर जुना तारेचा चाळीस वॅटचा बल्ब. एलईडी चालणार नाही, तो तापत नाही. पाचोळा वरून हळूहळू सुकतो, जीव ओलाव्यामागे खाली सरकतात आणि शेवटी स्पिरिटमध्ये पडतात. घाई करून बल्ब जवळ आणला तर ते वाटेतच सुकून मरतात. तीन-चार दिवस द्या. विद्यापीठाच्या आवारातल्या आंब्याखालचा पाचोळा चांगला, आणि देवळाच्या निर्माल्याच्या ढिगाचा तळचा ओला थर त्याहून चांगला.

मच्छरदाणीचा सापळा शेवटी, कारण त्याला जागा लागते आणि राखण लागते. स्वीडनचे रेने मालेझ यांनी पाहिलं की त्यांच्या तंबूत शिरलेले किडे छताच्या कोपऱ्याकडे चढतात आणि तिथे भोक असेल तर निसटतात. ब्रह्मदेशातल्या मोहिमेत, १९३४ च्या सुमारास, त्यांनी तंबूसारखाच सापळा वापरला आणि १९३७ मध्ये त्यावर लेख लिहिला. जुन्या मच्छरदाणीचं छत पांढरंच ठेवा, मधली भिंत काळी रंगवा, एक टोक उंच बांधून तिथे स्पिरिटची बाटली जोडा. उंच टोक दक्षिणेला, उजेडाकडे. शेत आणि कुंपण यांच्या सीमेवर, किड्यांच्या वाटेला आडवा लावा. शहराच्या जुन्या भागात लावायचा विचार सोडून द्या. पहिला सांड तो शिंगावर घेऊन जाईल.

कुठे लावायचं याबाबत कायदाही पाळावा लागतो. चंदौली जिल्ह्यातलं चंद्रप्रभा अभयारण्य वाराणसीहून एका दिवसात करता येतं आणि धबधब्याच्या सहलीला मुलं तिथे जातातच. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक किडाही उचलायचा नाही. बाहेरसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत बरीच फुलपाखरं आणि काही भुंगेरे आहेत. फुलपाखरू ओळखता येत नसेल तर फोटो काढून सोडून द्या. शेतातली कीड, माशा, तुडतुडे, शेणभुंगेरे यांवर पूर्ण संग्रह उभा राहतो.

मग टाचणी. भुंगेऱ्याला उजव्या कवचपंखावर, बुडाजवळ. माशी, गांधीलमाशीला छातीवर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, पतंगाला छातीच्या बरोबर मध्यावर. उजवी बाजू बिघडली तरी डावी तपासायला शाबूत राहते, हा त्यामागचा हिशेब. तांदळाच्या दाण्याहून लहान किडा टोचू नका. जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर फेविकॉलचा ठिपका देऊन त्याला चिकटवा. पतंग आणि फुलपाखरं स्पिरिटमध्ये कधीच नाही, पंखांवरची भुकटी धुऊन जाते.

चिठ्ठीवर गाव, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, तारीख, सापळ्याचा प्रकार आणि पकडणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यांत लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे दिवस आणि महिन्याची अदलाबदल होत नाही. नुसतं ‘वाराणसी’ लिहू नका. ‘कृषी संस्थेचं शेत, भाताचा बांध’ लिहिलं तर दहा वर्षांनी कुणीतरी तिथेच जाऊन पुन्हा शोधू शकेल. बाटलीतल्या नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत, किड्यासोबत टाका. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पहिल्याच पावसाळ्यात सुटते. पेटी जमिनीवर किंवा तळमजल्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. गंगा चढली की वरुणेचं पाणी मागे फुगतं, आणि काठच्या वस्त्यांत तळमजले अजूनही भरतात.

ओळख पटत नसलेला नमुना पुण्याला आकुर्डीतल्या प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवायचा असेल तर आधी फोटो पाठवून विचारा. पेटी पाठवायची वेळ आलीच तर ती मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी चार बोटं मऊ भरण घालून ठेवा. जड भुंगेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पिन रोवा, नाहीतर तो प्रवासात आपल्या पिनेभोवती गरगरतो. आणि डांबरगोळी काढून घ्या. सुटलेली गोळी बनारस ते पुणे घरंगळत जाते आणि पेटी उघडेपर्यंत सगळ्यांचे पाय मोडून ठेवते.